क्रमचय आणि संचय: जागा बदलल्या तर उत्तर बदलते का?

अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदुरात निघणाऱ्या झांक्यांपैकी (सजवलेल्या चित्ररथांपैकी) हुकुमचंद, मालवा, कल्याण, राजकुमार आणि स्वदेशी या पाच कापडगिरण्यांच्या झांक्याच तेवढ्या विचारात घेऊ. गिरण्या बंद पडून अनेक वर्षे झाली, तरी त्यांच्या नावाच्या झांक्या आजही निघतात. या पाच झांक्या एकामागून एक लावायच्या असतील, तर सर्वांत पुढे पाचांपैकी कोणतीही एक येऊ शकते, तिच्या मागे उरलेल्या चारांपैकी एक, मग तिनांपैकी एक, आणि असे करत शेवटी एकच उरते. म्हणून मिरवणुकीचे एकूण क्रम ५ × ४ × ३ × २ × १ म्हणजे १२० होतात. या गुणाकाराला पाचचे क्रमगुणित म्हणतात. आता समजा, परीक्षकांना पहिले, दुसरे आणि तिसरे अशी तीन पारितोषिके द्यायची आहेत. तीनच जागा भरायच्या असल्याने गुणाकार ५ × ४ × ३ इतक्यावर थांबतो आणि निकाल ६० प्रकारे लागू शकतो. परंतु त्याच परीक्षकांनी क्रमांक न लावता तीन झांक्यांना सारखीच सन्मानचिन्हे द्यायचे ठरवले, तर त्या ६० निकालांपैकी पुष्कळसे एकच ठरतात आणि निराळे असे १० च उरतात. साठ हे क्रमचयाचे उत्तर आहे आणि दहा हे संचयाचे.

अकरावीच्या गणितात ही दोन्ही एकाच प्रकरणात येतात, आणि बहुतेक विद्यार्थ्यांची गफलत तेथूनच सुरू होते. प्रवेश परीक्षांच्या शिकवण्यांमध्ये एक सोपी युक्ती सांगितली जाते: उदाहरणात ‘मांडणी’ हा शब्द दिसला की परम्युटेशन, म्हणजे क्रमचय, आणि ‘निवड’ हा शब्द दिसला की कॉम्बिनेशन, म्हणजे संचय. ही युक्ती मला कामाची वाटत नाही. पारितोषिकांच्या उदाहरणात परीक्षक दोन्ही वेळा निवडच करतात, मांडणी एकदाही करत नाहीत. तरीही एकाचे उत्तर ६० आहे आणि दुसऱ्याचे १०. शब्दांवर भरवसा ठेवण्यापेक्षा एखादा तयार निकाल समोर घ्यावा, त्यातील दोन गोष्टींची अदलाबदल करावी, आणि जे हाती येईल ते नवे मानायचे की तेच, हे पाहावे. पहिले पारितोषिक मालवाला आणि दुसरे कल्याणला गेले असेल, तर त्यांची अदलाबदल म्हणजे निराळा निकाल होय. सारख्या सन्मानचिन्हांच्या बाबतीत अशा अदलाबदलीने काहीच बदलत नाही. निवडलेल्या तीन झांक्या आपसांत ३ × २ × १ म्हणजे ६ प्रकारे मांडता येतात, त्यामुळे प्रत्येक त्रिकूट त्या ६० निकालांत बरोबर सहा वेळा मोजले गेलेले असते. म्हणून ६० ला ६ ने भागायचे.

हा भागाकारच दोन्हींमधला खरा दुवा आहे. क्रमचय काढताना आपण प्रत्यक्षात दोन कामे करतो: आधी वस्तू निवडतो आणि मग त्या क्रमाने लावतो. संचयात पहिलेच काम असते. इंदूरहून तासाभराच्या अंतरावर असलेल्या उज्जैनशी ज्याचे नाव जोडलेले आहे, त्या वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेतील सुगंधी द्रव्यांच्या प्रकरणात हा हिशेब केलेला आहे. सोळा द्रव्यांतून चार-चार घेतली तर १८२० प्रकार होतात, असे तो सांगतो. हा शुद्ध संचय झाला, कारण मिश्रणात कोणते द्रव्य आधी टाकले याने मिश्रण बदलत नाही. पण त्याच चार द्रव्यांपैकी एकाचा एक भाग, दुसऱ्याचे दोन, तिसऱ्याचे तीन आणि चौथ्याचे चार भाग घ्यायचे ठरवले, तर कोणाला कोणता भाग मिळाला याला महत्त्व येते आणि प्रत्येक चौकडीतून २४ वेगवेगळी मिश्रणे तयार होतात. १८२० ला २४ ने गुणले की ४३,६८० येतात, आणि १६ × १५ × १४ × १३ चा गुणाकारही तेवढाच येतो. द्रव्ये तीच आणि भांडेही तेच. फक्त भाग असमान केल्याबरोबर संचयाचा क्रमचय झाला. तेव्हा क्रम म्हणजे रांगच असली पाहिजे असे नाही. ज्या ज्या ठिकाणी वेगवेगळ्या जागा, पदे, भाग किंवा भूमिका असतात, तेथे क्रम आहे असे समजावे.

भास्कराचार्यांच्या ११५० च्या सुमारास लिहिलेल्या लीलावतीतही हे दोन्ही प्रश्न आहेत, पण वेगवेगळ्या प्रकरणांत, आणि मला ती मांडणी आजच्या पाठ्यपुस्तकांपेक्षा अधिक समंजस वाटते. शेवटच्या अंकपाश प्रकरणात ते विचारतात की, चार हातांत गदा, चक्र, कमळ आणि शंख धारण करणाऱ्या हरीचे, आयुधांची हाताहातांत अदलाबदल केल्यास, किती मूर्तिभेद होतील. उत्तर २४. संध्येत केशवापासून श्रीकृष्णापर्यंत जी चोवीस नावे घेतली जातात, त्यांच्या मूर्ती परस्परांपासून ओळखल्या जातात त्या याच आयुधक्रमाने. त्याच श्लोकात दहा हातांत दहा आयुधे घेतलेल्या शंभूचाही प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर ३६,२८,८०० आहे. हात चारांवरून दहावर गेले, तर मूर्ती चोविसांवरून सव्वाछत्तीस लाखांच्या घरात जातात. दुसरीकडे, सहा रसांतून एकेक, दोन-दोन, तीन-तीन घेत किती प्रकारची व्यंजने होतील हा त्याच ग्रंथातील प्रश्न संचयाचा आहे: ६, १५, २०, १५, ६ आणि १, म्हणजे एकूण ६३. आंबट-गोड आणि गोड-आंबट ही दोन व्यंजने नव्हेत. शंख उजव्या हातात आणि चक्र डाव्या हातात असलेली मूर्ती आणि त्याच्या उलट असलेली मूर्ती मात्र शास्त्राने दोन ठरतात.

एवढे समजल्यावरही जेथे अडखळायला होते, ती उदाहरणे अर्ध्या क्रमाची असतात. एखाद्या मराठी मंडळाचे बारा सभासद आहेत असे धरू. त्यांतून अध्यक्ष, कार्यवाह आणि कोषाध्यक्ष नेमायचे असतील तर १२ × ११ × १०, म्हणजे १३२० प्रकार होतात. तिघांची नुसती समिती नेमायची असेल तर त्याला ६ ने भागून २२०. आता समितीत एक निमंत्रक आणि दोन साधे सदस्य हवे असतील तर? येथे ना पूर्ण क्रमचय आहे, ना पूर्ण संचय. निमंत्रक बारांपैकी कोणीही होऊ शकतो आणि उरलेल्या अकरांतून दोन सदस्य ५५ प्रकारे निवडता येतात, गुणाकार ६६०. हाच आकडा १३२० ला २ ने भागूनही मिळतो, कारण या रचनेत ज्या अदलाबदलीने काहीच बदलत नाही ती एकच आहे, दोन साध्या सदस्यांची. म्हणजे सूत्रातील भाजक हा पाठ करण्याचा आकडा नसून, ज्या अदलाबदली निरर्थक आहेत त्यांची ती मोजणी आहे. हे एकदा लक्षात आले की वर्तुळाकार मांडणीचे निराळे सूत्रही लक्षात ठेवावे लागत नाही: सहा जणी गोल करून भजनाला बसल्या आणि सगळ्याच एकेक जागा सरकल्या, तरी कोणाच्या शेजारी कोण हे बदलत नाही, असे सरकणे सहा प्रकारचे असल्याने सहाच्या क्रमगुणिताला, म्हणजे ७२० ला, ६ ने भागून १२० बैठका मिळतात.

सारख्या वस्तूंच्या मांडणीत तर दोन्हींमधली भिंतच पडते. ‘मलमल’ या शब्दातील चार अक्षरे घेऊ. चारही अक्षरे वेगळी असती तर २४ मांडण्या झाल्या असत्या. परंतु दोन ‘म’ आपसांत बदलले तर काही कळत नाही, आणि दोन ‘ल’ बदलले तरीही नाही, म्हणून २४ ला आधी २ ने आणि मग पुन्हा २ ने भागून ६ उरतात: मलमल, ममलल, मललम, लममल, लमलम, ललमम. पुस्तकात हे उदाहरण क्रमचयाखाली येते, आणि ते योग्यही आहे, कारण अक्षरे क्रमानेच लागली आहेत. पण हाच प्रश्न असाही विचारता येतो की, चार जागांपैकी ‘म’ साठी कोणत्या दोन जागा राखायच्या. जागांची निवड झाली की शब्द ठरला. उरलेल्या जागी ‘ल’ येणार हे उघड आहे. चारांतून दोन निवडण्याचे प्रकार ६. तेव्हा एकच उत्तर अक्षरांच्या बाजूने पाहिले तर क्रमचय ठरते आणि जागांच्या बाजूने पाहिले तर संचय. अशा वेळी ‘हे उदाहरण नेमके कशाचे’ हा वाद विद्यार्थ्याने परीक्षेत घालू नये. दोन्ही वाटांनी उत्तर काढून ते जुळते का हे पाहणे अधिक उपयोगाचे.

येथपर्यंत भागाकार बिनबोभाट चालला, कारण प्रत्येक खरा प्रकार सारख्याच वेळा मोजला गेला होता. ही अट मोडली की भागाकारही मोडतो, आणि चांगल्या विद्यार्थ्यांच्या चुकाही मला येथेच अधिक दिसतात. नमकीनच्या दुकानात पाच प्रकारची शेव आहे आणि आपल्याला तीन पुडे घ्यायचे आहेत. एकाच प्रकारचे दोन किंवा तीनही पुडे चालतील. पुडे क्रमाने मागितले तर ५ × ५ × ५ म्हणजे १२५ प्रकार झाले. पिशवीत गेल्यावर क्रमाला अर्थ उरत नाही, म्हणून सवयीने ६ ने भागायला जावे, तर १२५ ला ६ ने निःशेष भागच जात नाही. कारण उघड आहे. तिन्ही पुडे वेगवेगळे असतील तर तो प्रकार १२५ मध्ये सहा वेळा आलेला असतो, दोन सारखे असतील तर तीनच वेळा, आणि तिन्ही लवंग शेवेचे असतील तर एकदाच. म्हणून तिन्ही गट वेगळे मोजावे लागतात: सगळे वेगळे असे १०, दोन सारखे आणि एक वेगळा असे २०, तिन्ही सारखे असे ५, एकूण ३५. ताळा घ्यायचा तर १० × ६, २० × ३ आणि ५ × १ यांची बेरीज १२५ येते. पुनरावृत्तीसह संचयाचे सूत्रही सातांतून (५ + ३ − १) तीन, म्हणजे ३५, हेच देते. पण ते सूत्र पाठ असलेल्यानेही एकदा तरी हे तीन गट हाताने मांडून पाहावेत.

याच रोगाचे दुसरे रूप ‘किमान एक’ या शब्दांत लपलेले असते, आणि ते अधिक फसवे आहे, कारण तेथे उत्तर पूर्णांकातच येते आणि शंका घ्यायला जागा राहत नाही. वरच्या बारा सभासदांत पाच महिला आणि सात पुरुष आहेत, आणि तिघांच्या समितीत किमान एक महिला हवी आहे. पुष्कळ जण असे करतात: पाच महिलांतून आधी एक निवडली, मग राहिलेल्या अकरा जणांतून कोणीही दोघे घेतले, ५ × ५५ म्हणजे २७५. पण बारा जणांतून तिघांच्या एकूण समित्याच मुळी २२० होतात, तेव्हा अटीसह २७५ होणे शक्यच नाही. चूक अशी की ‘आधी निवडलेली महिला’ आणि ‘नंतर आलेली महिला’ असा एक क्रम आपण नकळत हिशेबात आणला, जो प्रश्नात कोठेही नव्हता. एकच महिला असलेली समिती या पद्धतीत एकदा मोजली जाते, दोन महिला असलेली दोनदा, आणि तिन्ही महिलांची तीनदा. वेळा सारख्या नाहीत, म्हणून येथे कोणत्याही एका आकड्याने भागून सुटका होत नाही. एकूण २२० मधून फक्त पुरुषांच्या ३५ समित्या वजा केल्या की १८५ हे उत्तर सरळ मिळते. आणि गट पाडून मोजले, तर एक महिला असलेल्या १०५, दोन असलेल्या ७० आणि तीन असलेल्या १० समित्या मिळून बेरीज तीच येते.