स्थायी अवकाशकाल आणि परिवलन

ज्या अवकाशकालाची (अवकाश आणि काळ मिळून होणाऱ्या चौमितीय रचनेची) भूमिती काळाबरोबर बदलत नाही, तो स्थायी अवकाशकाल. त्यात असे सहनिर्देशक निवडता येतात, की मेट्रिकच्या (म्हणजे या भूमितीत अंतर मोजण्याच्या सूत्राच्या) एकाही घटकात काळ येत नाही. ज्या दिशेने सरकले तरी भूमिती बदलत नाही, ती किलिंग सदिशाची दिशा; इथे ती काळाची असल्याने त्याला कालसदृश किलिंग सदिश म्हणतात.

फिरणारी वस्तू या व्याख्येत बसते का? जात्याचा वरचा दगड खुंट्याविना एकाच वेगाने फिरत असेल, तर एक कण सरकतो आणि त्याच्या जागी तसाच दुसरा येतो; वस्तुमानाची मांडणी तीच राहते. खुंटा ठोकला, की ती क्षणोक्षणी बदलते. असा ओबडधोबड तारा फिरताना गुरुत्वीय तरंगांतून ऊर्जा आणि कोनीय संवेग गमावतो, मग स्थायित्व उरत नाही. फिरणारे स्थायी कृष्णविवर अक्षसममितच (अक्षाभोवती सर्व बाजूंनी सारखेच) असते, हे हॉकिंग यांनी १९७२ मध्ये (काही गणिती गृहीतके धरून) दाखवले.

स्थायी आणि स्थितिक यांत नेहमी गल्लत होते. स्थितिक अवकाशकाल काळ उलटवला तरी तसाच राहतो. फिरणाऱ्या कृष्णविवराचे वर्णन करणाऱ्या रॉय केर यांच्या १९६३ च्या उकलीत मात्र काळ व कोन यांचे मिश्र पद आहे. केवळ काळ उलटवला तर त्याचे चिन्ह पालटते, कोनही उलटवला तर मेट्रिक पूर्ववत. फिरती चौकट घेऊन हे पद घालवू पाहिले, तर विषुववृत्ताच्या प्रतलात ते फार तर एखाद्या वर्तुळावर शून्य होते, कारण फिरत्या वस्तूमुळे भोवतालची चौकट ओढली जाण्याचा कोनीय वेग दूरवर अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. प्रत्येक अंतराला वेगळा वेग दिला, तर काळ मेट्रिकमध्ये मागच्या दाराने परत शिरतो. पृथ्वीभोवतीचे हे ओढले जाणे ग्रॅव्हिटी प्रोब बी उपग्रहाने मोजले: वर्षाला ३७.२ ± ७.२ मिलिआर्कसेकंद, भाकीत ३९.२.

स्थितिक कृष्णविवरात 'स्थिर राहण्याची सीमा' (जिच्या आत जागच्या जागी थांबता येत नाही) आणि घटना क्षितिज (जिथून प्रकाशही परत येत नाही) एकच असतात. केरच्या बाबतीत त्या ध्रुवांवर टेकतात, पण विषुववृत्तापाशी पहिली बाहेर फुगते. या दोन सीमांमधल्या भागात, म्हणजे अर्गोस्फिअरमध्ये, दूरस्थ निरीक्षकाचा काळ-सदिश (वरचाच किलिंग सदिश) अवकाशसदृश होतो, म्हणजे त्या दिशेने जायला प्रकाशापेक्षा अधिक वेग लागेल. कितीही जोराचे इंजिन लावले तरी तिथे जागच्या जागी थांबता येत नाही. तरीही या भागात प्रत्येक बिंदूवर काळ आणि कोन या दोन किलिंग सदिशांचा कोणता तरी मेळ कालसदृश असतोच, म्हणून ठरावीक कोनीय वेगाने फिरणाऱ्या निरीक्षकाला भोवतालची भूमिती न बदलणारीच दिसते. क्षितिज ओलांडले, की लगेच आतल्या भागात असा एकही मेळ सापडत नाही.