घर सापडलं तरच घरपट्टी

सिएरा लिओनची राजधानी फ्रीटाऊन. 2018 साली इव्हॉन अकी-सॉयर तिथल्या महापौर झाल्या, तेव्हा शहरातल्या हजारो इमारती पालिकेच्या दफ्तरातच नव्हत्या. ज्या होत्या, त्यांची घरपट्टी मुख्यतः क्षेत्रफळावर ठरायची. म्हणजे डोंगरावरचा समुद्र दिसणारा बंगला आणि तेवढ्याच जागेवरची पत्र्याची चाळ यांच्या बिलात फारसा फरक नसायचा.

मग बाजारभावाने कर का लावत नाही? कारण गरीब देशांतल्या बहुतेक शहरांत घरांचे व्यवहार नीट नोंदलेच जात नाहीत आणि प्रशिक्षित मूल्यांकक बोटांवर मोजण्याइतके. हजारो घरं एकेक करून तपासायची तर दहा वर्षंही पुरणार नाहीत.

फ्रीटाऊनने यावर काढलेली वाट मला फार हुशारीची वाटते. आधी उपग्रह छायाचित्रांवरून प्रत्येक छपराची कडा आखून घेतली, त्यामुळे इमारत कुठे आहे आणि केवढी आहे हे कळलं. मग कर्मचारी टॅब घेऊन गल्लोगल्ली फिरले. घरात शिरायचं नाही, रस्त्यावरून दिसेल तेवढंच टिपायचं: भिंत कशाची, छप्पर कसं, कुंपण आहे का, दारापर्यंत पक्का रस्ता येतो का. चांगल्या गोष्टीला गुण वाढतात, उणिवेला कमी होतात आणि एकूण गुणांवरून कर ठरतो.

पण पक्क्या रस्त्याला किती गुण द्यायचे, हे कोण ठरवणार? इथे संख्याशास्त्र कामाला येतं. नमुन्यादाखल काही घरांची किंमत तज्ज्ञांकडून काढून घेतात. त्या किमती आणि घरांची दिसणारी वैशिष्ट्यं यांचा मेळ ‘रिग्रेशन’ या गणिती पद्धतीने घातला, की कोणत्या गोष्टीमुळे किंमत साधारण किती टक्क्यांनी वाढते ते कळतं. तेच प्रमाण मग साऱ्या शहराला लावायचं. गुणांवरून कर ठरवण्याचा मार्ग मलावीतल्या म्झुझू शहराने 2013 मध्येच धरला होता.

आतली संगमरवरी फरशी या हिशेबात येत नाही, हे खरं. पण जे मोजलंय ते घरमालकालाही दिसतं, त्यामुळे त्याला बिलावरून भांडता येतं आणि कर्मचाऱ्याला मनमानी करायला वाव कमी राहतो. मूठभर घरांच्या काटेकोर मूल्यांकनापेक्षा सगळ्यांना लागू होणारा ढोबळ अंदाज मला तरी जास्त न्याय्य वाटतो. फ्रीटाऊनमध्ये गरिबांची बिलं घटली आणि बंगलेवाल्यांची कित्येक पटींनी वाढली. ओरड झालीच. मध्यंतरी केंद्र सरकारने काही काळ वसुलीही थांबवायला लावली.

बिल तयार झालं, तरी ते पोचवायला घर सापडावं लागतं, आणि रस्त्यांना नावं नि घरांना क्रमांक नसतील तर तेच अवघड. घाना उत्पन्नाच्या शिडीवर एक पायरी वर आहे, पण ही अडचण तिथेही आहे. राजधानी आक्राला लागून असलेल्या मदिना भागात अर्थशास्त्रज्ञांनी काही वसुली कर्मचाऱ्यांना नकाशा असलेले टॅब दिले, बाकीच्यांना नाही. कोणाला द्यायचे ते सोडतीने ठरलं. टॅबवाल्यांनी 27 टक्के जास्त बिलं पोचवली, पण वसुली मात्र 103 टक्के जास्त केली. एवढी तफावत कशी? घरं शोधण्यात जाणारा वेळ वाचला आणि तो त्यांनी कोणाकडून पैसे मिळण्यासारखे आहेत, हे हेरण्यात घालवला. अशा घरांकडे ते पुन्हा पुन्हा गेले.

ही माहिती वस्तीत कोणाकडे तरी आधीच असते. काँगो लोकशाही प्रजासत्ताकातल्या कनांगा शहरात 2018 मध्ये काही वस्त्यांत सरकारी कर्मचाऱ्यांनी, तर काहींत स्थानिक मुखियांनी मालमत्ता कर गोळा केला. मुखियांची वसुली 44 टक्क्यांनी जास्त भरली. आणखी काही वस्त्यांत वसुली सरकारी कर्मचाऱ्यांकडेच ठेवली, फक्त त्यांनी आधी मुखियासोबत बसून एकेका घराबद्दल विचारून घेतलं: इथे पैसे आहेत का, हा देईल का? तिथेही वसुली वाढली.