यूएसबी पोर्ट चालत नाही? दुकानात येण्याआधी हे तपासा

‘पेनड्राइव्ह लावला तरी काहीच येत नाही, पोर्ट गेलाय’ अशी तक्रार घेऊन आमच्याकडे सतत कुणी ना कुणी येतं. त्यातल्या बऱ्याच लॅपटॉपचा पोर्ट ठणठणीत असतो. बिघाड निघतो केबलमध्ये, लावलेल्या वस्तूत किंवा विंडोजच्या एखाद्या सेटिंगमध्ये. अशा वेळी ग्राहकाने पोर्ट बदलायचे पैसे मोजावेत असं आम्हाला वाटत नाही. म्हणून घरी करता येण्यासारख्या तपासण्या इथे दिल्या आहेत.

वीज येत नाही, की ओळख पटत नाही?

हा प्रश्न सुटला की अर्धं काम झालं. साध्या यूएसबी पोर्टला चार पिना असतात. कडेच्या दोन ५ व्होल्ट विजेच्या, मधल्या दोन डेटाच्या. त्यामुळे वीज येतेय पण डेटा जात नाही, असं होऊ शकतं. तपासायला सगळ्यात सोयीचा म्हणजे खाली लाल दिवा लागणारा वायरचा माउस. तो लावा. दिवा लागला पण स्क्रीनवरचा बाण हलला नाही, तर वीज पोचतेय आणि अडचण डेटाच्या पिनांची किंवा ड्रायव्हरची, म्हणजे ती वस्तू चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची, आहे. दिवाच लागला नाही तर तोच माउस दुसऱ्या पोर्टला आणि मग दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा. तिथेही अंधार असेल तर लॅपटॉपचा काही दोष नाही.

केबलवर आधी संशय घ्या. रस्त्यावर मिळणाऱ्या काही स्वस्त केबलमध्ये डेटाच्या तारा नसतातच, फक्त चार्जिंगच्या असतात. फोन चार्ज होतो, पण लॅपटॉपवर फोनमधले फोटो काही दिसत नाहीत. दुसरी, खात्रीची केबल लावली की प्रश्न मिटतो.

बाहेरची हार्ड डिस्क ‘टक टक’ करते तेव्हा

यूएसबी २.० पोर्ट जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३.० पोर्ट ९०० मिलिअँपिअर. आतली तबकडी फिरायला लागते त्या क्षणी हार्ड डिस्कला नेहमीपेक्षा बराच जास्त करंट लागतो. पोर्ट जुना २.० असेल, केबल लांब आणि बारीक असेल, किंवा डिस्क हबवर (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणाऱ्या डबीवर) लावलेली असेल तर तेवढा करंट पोचत नाही. मग डिस्क सुरू होते, बंद होते, पुन्हा सुरू होते आणि विंडोजचा जोडल्याचा-काढल्याचा ‘टिंग’ आवाज येत राहतो. अशी डिस्क हबवरून काढा आणि सोबत आलेल्या आखूड केबलने थेट लॅपटॉपच्या ३.० पोर्टला लावा. आतून निळा दिसणारा पोर्ट बहुधा ३.० असतो, पण प्रत्येक कंपनी रंग पाळत नाही. पोर्टशेजारची ‘एसएस’ (SS) ही खूण बघा.

वेगळा अडॅप्टर नसलेला हब म्हणजे एका नळावर चार हंडे. माउस, कीबोर्ड, पेनड्राइव्ह चालतील. हार्ड डिस्क किंवा डीव्हीडी रायटरसाठी अडॅप्टरवाला हब घ्या.

थेट ३.० पोर्टला लावूनही डिस्क टकटकत असेल तर ती लगेच काढा. पुन्हा पुन्हा लावून बघू नका. डिस्कच आतून खराब होत असेल तर प्रत्येक प्रयत्नागणिक डेटा परत मिळण्याची शक्यता कमी होत जाते. लग्नाचे फोटो, दुकानाचे हिशेब जिथे एकाच प्रतीत आहेत, तिथे घाई करू नका एवढी आमची कळकळीची विनंती आहे.

विंडोजमध्ये काय बघायचं

पहिला उपाय रीस्टार्ट. ‘शट डाउन करून पुन्हा चालू केला’ असं ग्राहक सांगतात, पण विंडोज १० आणि ११ मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनमध्ये सिस्टिम पूर्ण बंद होत नाही. रीस्टार्टमध्ये होते.

लॅपटॉप थोडा वेळ रिकामा राहिल्यावर पोर्ट झोपत असेल, तर ते वीज वाचवण्याचं सेटिंग आहे. स्टार्टवर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. सगळ्यात खाली यूएसबी कंट्रोलर्सच्या यादीत ‘यूएसबी रूट हब’ दिसेल. त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंट टॅबवर, वीज वाचवण्यासाठी हे डिव्हाइस बंद करण्याची परवानगी देणारी टिक काढा. रूट हब एकापेक्षा जास्त असतील तर प्रत्येकाची काढा. काही नव्या लॅपटॉपवर हा टॅब नसतो. तिथे कंपनीच्या वेबसाइटवरून चिपसेट ड्रायव्हर (मदरबोर्डच्या चिपचा ड्रायव्हर) आणि बायोस (लॅपटॉप सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) अपडेट करणं बरं.

डिजिटल सिग्नेचरचं टोकन (ऑनलाइन सहीसाठी लागणारं, पेनड्राइव्हसारखं) आणि अंगठ्याचं मशीन यांच्या तक्रारी कर सल्लागारांकडून आणि ई-सेवा केंद्रांकडून येतात, त्याही नेमक्या शेवटच्या तारखेला. टोकनचा दिवा लागत असेल तर पोर्ट बहुतेक ठीक असतो. टोकन बनवणाऱ्या कंपनीचा ड्रायव्हर काढून नव्याने टाका. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर हे आवर्जून तपासा, तेही तारीख जवळ यायच्या आधी.

वायरलेस माउस अडखळत असेल आणि त्याचं रिसीव्हर ३.० पोर्टला किंवा चालू हार्ड डिस्कच्या शेजारी असेल, तर ते लांबच्या २.० पोर्टला लावा. ३.० च्या डेटामुळे २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ लहरींचा गोंगाट होतो आणि माउस त्याच पट्ट्यात बोलत असतो.

पोर्टच्या आत डोकावून बघा

लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा आणि मोबाइलच्या टॉर्चने आत बघा. मोठ्या पोर्टमध्ये प्लास्टिकची जीभ सरळ हवी आणि तिच्यावरच्या पट्ट्या सोनेरी दिसायला हव्यात. कोकणातल्या खारट, दमट हवेत पावसाळ्यानंतर त्यांच्यावर हिरवट थर चढलेला सापडतो. टाइप-सी पोर्टची जीभ एक मिलिमीटरपेक्षा पातळ असते आणि तिच्याभोवती खिशातली, बॅगेतली लव दाबून बसते. प्लग पूर्वीसारखा ‘खट्’ बसत नसेल तर लाकडी टूथपिकने कडेकडेने हळू साफ करा. सुई किंवा टाचणी कधीही नको. टाइप-सीचा प्लग एका बाजूने चालतो आणि उलटा केला की चालत नाही, तर त्या बाजूच्या पिना घाण किंवा तुटलेल्या आहेत.

इथे थांबा आणि आमच्याकडे या

पोर्ट गरम लागतोय, जळका वास येतोय, जीभ वाकली किंवा तुटली आहे, किंवा काहीही लावलं की लॅपटॉप बंद पडतोय, तर त्यात पुढे काही लावू नका. वाकलेल्या जिभेमुळे विजेची पिन अर्थला टेकते आणि पोर्टपुरता असलेला बिघाड मदरबोर्डपर्यंत जाऊ शकतो. ‘पॉवर सर्ज’चा मेसेज आला तर लावलेली वस्तू काढून रीस्टार्ट करा. काहीही न लावता तो पुन्हा आला तर लॅपटॉप घेऊन या.

एकाच बाजूचे सगळे पोर्ट एकदम गेले असतील तर घाबरू नका. बऱ्याच मॉडेलमध्ये ते एका छोट्या वेगळ्या बोर्डवर असतात आणि तो पातळ स्ट्रिपने मदरबोर्डला जोडलेला असतो. स्ट्रिप सैल झाली असेल तर नीट बसवून काम भागतं, नाहीतर छोटा बोर्ड बदलता येतो. कुणी थेट मदरबोर्ड बदलायला सांगितलं, तर या बोर्डबद्दल जरूर विचारा.

येताना लॅपटॉपसोबत चार्जर, जी वस्तू चालत नाही ती वस्तू आणि तीच केबल आणा. शक्य असेल तर डेटाचा बॅकअप घेऊन या. तपासणी तुमच्यासमोर होते, आणि पोर्ट बदलावा लागला तर काढलेला जुना पोर्ट तुमच्या हातात दिला जातो.