अति लठ्ठपणावरच्या बिनऑपरेशनच्या प्रोसिजर्स

बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती याचा आकडा) ४० च्या वर गेला, किंवा ३५ च्या वर असून जोडीला डायबेटिस, बीपी, झोपेत श्वास अडकणं असं काही असलं की त्याला अति लठ्ठपणा म्हणतात. अशा माणसाला नुसतं "कमी खा, चालत जा" सांगून भागत नाही, कारण वजन उतरायला लागलं की भुकेचे हार्मोन्स आणखी जोर धरतात, यात आळशीपणाचा काही संबंध नाही, हा आजार आहे. वजन सगळ्यात जास्त उतरतं ते बॅरिएट्रिक सर्जरीने, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठर-आतड्यावर केलेल्या ऑपरेशनने, पण ज्यांना ती झेपत नाही किंवा नकोय त्यांच्यासाठी तोंडावाटे दुर्बीण घालून करायचे उपाय आहेत, बाहेरून पोटाला कुठेही चिरा नाही.

यातला सगळ्यात जुना बलून. सिलिकॉनचा रिकामा फुगा जठरात सोडतात आणि त्यात ४०० ते ७०० मिली सलाइन भरतात, त्यात बऱ्याचदा मिथिलीन ब्लू नावाचा निळा रंग घालतात, म्हणजे फुगा गळाला तर लघवी निळी-हिरवी होते आणि पेशंटला घरीच कळतं. मला हे फार हुशारीचं वाटतं, कारण गळालेला फुगा आतड्यात उतरून अडकला तर प्रकरण गंभीर होतं. १९८५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेला गॅरेन-एडवर्ड्स बबल हवेने भरायचा आणि नळकांड्यासारखा होता, त्याने अल्सर झाले, आतडी तुंबली, काही वर्षांतच तो बंद पडला. त्यानंतर बहुतेक फुगे गुळगुळीत, गोल आणि पाण्याने भरायचे झाले.

फुगा साधारण ६ महिने ठेवतात, काही प्रकार १२ महिनेही. पहिले तीन-चार दिवस मळमळ, उलट्या, कळा येतात, हे आधी सांगितलंच पाहिजे कारण तेव्हाच बरेच जण "काढून टाका" म्हणतात. सरासरी दहा टक्क्यांच्या आसपास वजन उतरतं, आणि फुगा काढल्यावर खाणं पूर्वीसारखं झालं की बरंचसं परत येतं.

दुसरी ईएसजी, म्हणजे आतून टाके घालून जठर नळीसारखं अरुंद करायचं, काही कापून काढायचं नाही. २०२२ च्या मेरिट ट्रायलमध्ये, म्हणजे ईएसजी पेशंटवर तपासून पाहणाऱ्या अभ्यासात, वर्षभरात साधारण १३.६ टक्के वजन उतरलं.

मोठा हायटस हर्निया (जठराचा भाग छातीत वर सरकणं), चालू अल्सर, प्रेग्नन्सी असेल तर फुगा बसवत नाहीत, जठराचं आधी ऑपरेशन झालेलं असेल तरीही सहसा नाही.