सेनोलिटिक औषधांची पार्श्वभूमी : पीएच ६ चा निळा रंग

वाढ थांबलेल्या म्हाताऱ्या (सेनेसंट) पेशी निवडून मारणाऱ्या औषधांना सेनोलिटिक म्हणतात. त्यांत नाव घेतल्या जाणाऱ्या क्वेर्सेटिन या वनस्पतीजन्य द्रव्याच्या कॅप्सूल हल्ली घरबसल्या मागवता येतात. त्यामुळे रंकाळ्यावर सकाळी फिरणाऱ्या साठीपुढच्या मंडळींत ‘गुडघ्याला चालेल का?’ हा प्रश्न निघणारच. त्याचे उत्तर गुडघ्यापेक्षा प्रयोगशाळेतल्या एका निळ्या रंगाशी जास्त बांधलेले आहे.

सुरुवातीचा भाग बहुतेकांना पाठ आहे. १९६१ मध्ये मानवी गर्भाच्या फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीतल्या) पेशी साधारण ५० वेळा दुप्पट होऊन थांबतात हे दिसले आणि बशीतल्या पेशी अमर असतात हा समज मोडला. पुढे टेलोमिअरचा खुलासा आला : गुणसूत्रांची ही टोके दर विभाजनाला झिजतात. १९९७ मध्ये रास हे कर्करोगाचे जनुक जास्त चेतवल्यावरही पेशी थांबतात असे आढळले, म्हणजे हा कर्करोगाविरुद्धचा ब्रेकसुद्धा होता.

खरी गुंतागुंत १९९५ च्या एका निर्णयात आहे. थांबलेली पेशी ओळखायची कशी? लायसोसोम या पेशीतल्या कचरा पचवणाऱ्या पिशवीमधले बीटा-गॅलॅक्टोसिडेज हे एन्झाइम एरवी पीएच ४ च्या आसपास (बऱ्यापैकी आम्लात) जोमात असते. थांबलेल्या पेशींत ते पीएच ६ लाही एक्स-गॅल या रसायनाला निळे करते, आणि नुसत्या विश्रांतीत असलेल्या पेशींत तसे होत नाही, असे मांडले गेले. चाचणी स्वस्त आणि सोपी, म्हणून ती जगभर रुळली. इथेच घाई झाली.

कृती अशी : पेशी २ टक्के फॉर्मल्डिहाइड आणि ०.२ टक्के ग्लुटराल्डिहाइडमध्ये ३ ते ५ मिनिटे. जास्त वेळ ठेवल्या तर एन्झाइमच मरते. मग सायट्रेट-फॉस्फेट बफरात मिलिलिटरला १ मिलिग्रॅम एक्स-गॅल, पोटॅशियम फेरोसायनाइड आणि फेरीसायनाइड प्रत्येकी ५ मिलिमोलर, सोबत मीठ आणि मॅग्नेशियम क्लोराइड. ३७ अंशांवर १२ ते १६ तास. नवखे हमखास चुकतात ते इथे : प्लेट सवयीने कार्बन डायऑक्साइडच्या इनक्युबेटरमध्ये जाते, बफरचा पीएच घसरतो आणि सकाळी तरुण पेशीही निळ्या. साधा इनक्युबेटर वापरायचा आणि प्लेटची कड पॅराफिल्मने बंद करायची, नाहीतर द्रव आटून स्फटिक धरतात. प्लेटमध्ये पेशींची दाटी झाली तरी निळे दिसते. मॅक्रोफेज (जंतू आणि कचरा गिळणाऱ्या पेशी) तर सेनेसंट नसतानाही रंग घेतात. पॅराफिन मेणात बसवलेल्या ऊतींच्या जुन्या ब्लॉकवर ही चाचणी चालतच नाही. ऊती ताजी गोठवलेली लागते, त्यामुळे रुग्णालयांत साठवलेले जुने नमुने असून नसल्यासारखे.

२००६ मध्ये उलटी बाजू पुढे आली. ज्या रुग्णांत हे एन्झाइम जन्मतःच सदोष असते, त्यांच्या पेशी यथावकाश थांबतात, पण निळ्या होत नाहीत. म्हणजे रंग हा कारण नव्हे, वाढलेल्या लायसोसोमची खूण. तेव्हापासून पी१६ आणि पी२१ ही विभाजन रोखणारी प्रथिने, केंद्रकाच्या आवरणातल्या लॅमिन बी१ ची घट असे दोन-तीन पुरावे जोडीने मागतात. एकट्या निळ्या फोटोवरचा निष्कर्ष आजही छापून येतो, तो भाग वेगळा.

२००८ मध्ये या पेशी आयएल-६, आयएल-८ सारखी दाहकारक द्रव्ये सोडतात हे स्पष्ट झाले. २०११ मध्ये अकाली म्हाताऱ्या होणाऱ्या उंदरांत पी१६ असलेल्या पेशी जनुकीय युक्तीने मारल्या, तर स्नायू आणि चरबीची झीज लांबणीवर पडली. २०१५ ला अशा पेशी मारायला कर्करोगावरचे डसाटिनिब आणि क्वेर्सेटिन यांची जोडी आली. २०१९ च्या फुप्फुसाच्या फायब्रोसिसवरील (फुप्फुस व्रणाच्या ऊतीने कडक होण्याच्या आजारावरील) पहिल्या चाचणीत १४ रुग्ण होते : डसाटिनिब १०० मिलिग्रॅम, क्वेर्सेटिन १,२५० मिलिग्रॅम, आठवड्यात तीन दिवस, तीन आठवडे. रोज न देण्यामागचा हिशेब असा की डसाटिनिब काही तासांत रक्तातून उतरते, पण मेलेली पेशी परत येत नाही.

कच्च्या कांद्यात १०० ग्रॅममागे ढोबळमानाने २० ते ३० मिलिग्रॅम क्वेर्सेटिन. म्हणजे त्या एका दिवसाच्या मात्रेला चार ते सहा किलो कांदा. तांबडा-पांढऱ्याच्या ताटाशेजारच्या कांद्याला सेनोलिटिक म्हणणे सोडून द्यावे.

गुडघ्याची चाचणी झाली ती वेगळ्या औषधाची, थेट सांध्यात इंजेक्शन देऊन. २०२० मध्ये निकाल आला : १२ आठवड्यांनी वेदना प्लासिबोइतक्याच (औषध नसलेल्या इंजेक्शनइतक्याच). त्याच वर्षी उंदरांच्या यकृतातल्या पी१६ जास्त असलेल्या रक्तवाहिन्यांच्या पेशी काढल्यावर तिथे व्रणाची ऊती वाढली. म्हणजे त्या पेशी काही काम करत होत्या. २०२४ मध्ये रजोनिवृत्तीनंतरच्या ६० स्त्रियांवर डसाटिनिब-क्वेर्सेटिन २० आठवडे अधूनमधून देऊन पाहिले, तर हाडांची झीज दाखवणारा मुख्य निर्देशांक कमी झाला नाही.

डसाटिनिब हे मुळात रक्ताच्या कर्करोगाचे, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध. त्याने प्लेटलेट उतरतात, फुप्फुसाभोवती पाणी साचू शकते. हृदयासाठी रोज ॲस्पिरिन घेणाऱ्या साठीच्या माणसाला रक्तस्रावाचा धोका त्यात आणखी वाढतो.