दातांच्या ट्रीटमेंटमधलं सिडेशन आणि त्याची सेफ्टी

डेंटिस्टच्या खुर्चीचं नाव काढलं तरी ज्यांना घाम फुटतो त्यांना औषधानं थोडी गुंगी आणून दातांचं काम करायचं, याला डेंटल सिडेशन म्हणतात. यात पेशंट पूर्ण बेशुद्ध नसतो, हाक मारली की ओ देतो, 'तोंड उघडा' म्हटलं की उघडतो. गुंगीनं दुखणं मात्र थांबत नाही, त्यामुळे हिरडीत सुन्न करायचं इंजेक्शन द्यावंच लागतं, फक्त त्याची धास्ती उरत नाही.

सगळ्यात साधा प्रकार म्हणजे लाफिंग गॅस, अर्थात नायट्रस ऑक्साइड. डिसेंबर १८४४ मध्ये अमेरिकेतल्या हार्टफर्डला हॉरेस वेल्स या डेंटिस्टनं या गॅसचा जाहीर प्रयोग बघितला आणि दुसऱ्याच दिवशी तो हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली. आता नाकावर छोटा मास्क लावतात, आधी नुसता ऑक्सिजन, मग हळूहळू गॅस वाढवत नेतात, आणि चांगल्या मशीनमध्ये ऑक्सिजन ३० टक्क्यांच्या खाली जाऊच शकत नाही. शेवटी पाचेक मिनिटं परत नुसता ऑक्सिजन दिला की गुंगी लगेच उतरते. नाक चोंदलेलं असेल तर उपयोग नाही, आणि गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत टाळतात. हा गॅस शरीरातलं बी-१२ निकामी करतो, आणि आपल्याकडे शाकाहारी लोकांत ते आधीच कमी असतं, त्यामुळे रिपोर्टमध्ये कमी आलं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

खरी काळजी मिडाझोलामसारख्या झोप आणणाऱ्या औषधांची, मग ती गोळी असो, सिरप असो की शिरेतून दिलेली. एकाच डोसवर एकजण गप्पा मारत असतो आणि दुसरा गाढ झोपतो, आणि झोप जास्त झाली की जीभ मागे पडून श्वास अडतो, त्यात इथे काम चाललेलं असतं तोंडातच, ड्रिलचं पाणी, रक्त, कापसाचा बोळा सगळं घशाच्या तोंडाशी. बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावतात (नेलपॉलिश काढून जावं), पण तो उशिरा बोंब मारतो, कारण नाकातून ऑक्सिजन चालू असेल तर श्वास थांबल्यावरही ९८-९९ आकडा काही वेळ तसाच दिसतो. कॅप्नोग्राफवर, म्हणजे बाहेर सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या मशीनवर, प्रत्येक उच्छ्वासाला एक उंचवटा उमटतो आणि श्वास थांबला की रेघ लगेच सपाट होते, म्हणून तो असलेला बरा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे फक्त पेशंटकडे लक्ष ठेवणारा वेगळा ट्रेन्ड माणूस हवाच, गुंगी जास्त खोल नेणार असतील तर भूलतज्ज्ञ. दाढ काढणाऱ्यानंच मधूनमधून मॉनिटरकडे बघायचं, हे अजिबात चालवून घेऊ नये.

मिडाझोलामचा उतारा फ्लुमाझेनिल, तो क्लिनिकमध्ये हाताशी असावा, पण त्याचा असर लवकर ओसरतो आणि पेशंट परत गुंगीत जाऊ शकतो, त्यामुळे उतारा दिला म्हणून लगेच घरी सोडत नाहीत. ब्रिटननं तर पूर्ण भूल देऊन दातांचं काम करणं २००२ पासून फक्त हॉस्पिटलपुरतं ठेवलंय.

रात्री जोरात घोरणं, दमा, झोपेच्या गोळ्या, दारू, यातलं काहीही लपवू नये. शिरेतून औषध द्यायचं असेल तर साधारणपणे तेलकट जेवण ८ तास आधी, हलकं खाणं ६ तास आणि साधं पाणी २ तास आधी बंद करायला सांगतात, शुगरवाल्यांनी आपल्या गोळ्या-इन्सुलिनचं वेगळं विचारून घ्यावं.

लहान मुलांत तर सगळा हिशोब वजनावर चालतो, आणि सुन्न करायचं औषधही त्याच हिशोबात धरावं लागतं, कारण ते जास्त झालं की झटके येऊ शकतात, श्वासही थांबू शकतो, आणि गुंगीत असलेल्या पोरात हे पटकन कळत नाही. घरी जाताना मूल पेंगलं आणि मान पुढे पडली तरी श्वास अडू शकतो, म्हणून बाईकवर दोघांच्या मध्ये बसवून न्यायचं नाही, रिक्षा किंवा कार करायची आणि गाडी चालवणाऱ्याशिवाय आणखी एकजण फक्त त्याच्याकडे बघायला हवा. मोठ्यांनीही २४ तास गाडी चालवू नये, कुठल्या कागदावर सही करू नये.