सोशल सायकॉलॉजीच्या मूळ संकल्पना आणि प्रयोगातलं खोटं: थोडी पार्श्वभूमी

कन्फॉर्मिटी (गटाच्या मागे जाणं), आज्ञापालन, डिसोनन्स (वागणं आणि मत जुळलं नाही की होणारी अस्वस्थता), बायस्टँडर इफेक्ट (आजूबाजूला माणसं जास्त तशी एकेकाची मदतीला जाण्याची शक्यता कमी) हे सोशल सायकॉलॉजीतले, म्हणजे इतरांमुळे माणूस कसा वागतो या अभ्यासातले शब्द, त्यापलीकडे व्याख्या देत बसत नाही. पण या संकल्पना ज्या प्रयोगांतून आल्या त्यातल्या बऱ्याच प्रयोगांत भाग घेणाऱ्या माणसाला मुद्दाम खोटं सांगितलेलं होतं, आणि असं खोटं बोलू द्यायचं की नाही यावर जो निर्णय झाला त्याने या विषयाला आजचं रूप दिलं असं माझं मत आहे.

अगदी सुरुवातीला हा प्रश्न नव्हताच. १८९८ मध्ये सायकल शर्यतींच्या वेळा तपासून आणि मुलांना रीळ फिरवायला लावून एवढंच बघितलं होतं की बरोबर कुणी असलं की माणूस जोर लावतो का. १९०८ मध्ये या विषयावरची दोन पाठ्यपुस्तकं आली. मग नाझी राजवटीमुळे युरोपातले कितीतरी संशोधक अमेरिकेत आले, महायुद्ध झालं, आणि साधी माणसं इतकी मुकाट्याने सामील कशी होतात हाच मुख्य प्रश्न होऊन बसला.

१९५१ चा रेषांचा प्रयोग प्रसिद्धच आहे, त्यात कोणती रेष दिलेल्या रेषेइतकी लांब आहे एवढंच सांगायचं होतं. खोलीत खरा सहभागी एकच, बाकीचे सगळे आधीच ठरवून चुकीचं उत्तर देणारे. अशा फसव्या फेऱ्यांत साधारण एक तृतीयांश उत्तरं गटाच्या बाजूने गेली, म्हणजे दोन तृतीयांश बरोबरच होती आणि जवळपास पाव लोक तर एकदाही हलले नाहीत, पण सांगताना नेहमी पहिलाच आकडा सांगतात. १९५९ मध्ये विद्यार्थ्यांना कंटाळवाणं काम देऊन, ते मजेशीर होतं असं पुढच्याला सांगायचे कुणाला १ डॉलर तर कुणाला २० डॉलर दिले, आणि तो पुढचा माणूसही संशोधकांचाच. खोट्यात खोटं. १ डॉलरवाल्यांना काम जास्त आवडलं असं निघालं, म्हणजे इतक्या कमी पैशात खोटं का बोललो याला कारण नसल्याने त्यांनी स्वतःचं मतच बदललं असा अर्थ लावला गेला, आणि डिसोनन्सला तिथून बळ मिळालं.

आता मुख्य भांडण. १९६१-६२ मध्ये स्मरणशक्ती आणि शिकण्याचा अभ्यास आहे असं सांगून लोकांना बोलावलं आणि पलीकडच्या माणसाने चुकीचं उत्तर दिलं की त्याला विजेचा शॉक द्यायला लावलं. शॉक खोटे, ओरडणं खोटं, ४० पैकी २६ जण मात्र खरोखर ४५० व्होल्टपर्यंत गेले. हा ६५ टक्क्यांचा आकडा घरोघरी पोचला, पण प्रयोगाची वीसेक रूपं केली होती आणि संशोधकाचा हुकूम फोनवरून आला की शेवटपर्यंत जाणारे एक पंचमांशावर यायचे, शॉक देणारे बरोबरचे दोघं नकार देऊन उठून गेले की दहात एक, हे फार जण सांगत नाहीत. १९६४ मध्येच एका संशोधिकेने जाहीर आक्षेप घेतला की सहभागी माणूस विश्वासाने येतो, त्याला इतक्या ताणात ढकलायचा हक्क तुम्हाला दिला कुणी. प्रयोग करणाऱ्याचं उत्तर आलं की नंतर विचारलं तर ८४ टक्के लोक भाग घेतल्याचा आनंदच वाटतो म्हणाले. पुढे जुनी कागदपत्रं उघडली तेव्हा दिसलं की कित्येकांना शॉक खोटे होते हे त्या दिवशी सांगितलंच नव्हतं, पोस्टाने अहवाल गेला तेव्हा कळलं. मग त्या ८४ टक्क्यांना किती किंमत द्यायची?

संशोधकांची बाजू अगदी पोकळ नाही हेही खरं, कारण आज तुझं आज्ञापालन तपासतोय असं आधी सांगितलं तर तपासायला उरतं काय. शेवटी अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या १९७३ च्या नियमावलीत मधला रस्ता निघाला: दुसरा मार्ग नसेल तर खोटं चालेल, मात्र नंतर खरं सांगायचं. दुसरा मार्ग नाही हे ठरवणार कोण तर आधी स्वतः संशोधकच, मला हे तेव्हाही पळवाटच वाटली असती. १९७४ च्या अमेरिकन कायद्यानंतर प्रयोग आधी नैतिकता समित्यांकडून तपासून घेणं बंधनकारक व्हायला लागलं. प्रायोगिक अर्थशास्त्रवाल्यांनी मात्र खोटं नकोच अशी भूमिका घेतली आणि त्यांचं काम काही अडलं नाही.

पुढचं तुलनेने ताजं आहे. २०११ मध्ये नेदरलँड्समधल्या एका नावाजलेल्या प्राध्यापकाने डेटाच बनवल्याचं उघड झालं, पन्नासच्या वर पेपर मागे घ्यावे लागले. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० अभ्यास परत करून बघितले तर फक्त ३६ टक्क्यांत निकाल पुन्हा ठळकपणे मिळाला, सोशल सायकॉलॉजीत तर जेमतेम पावभर. त्याआधी २०१४ मध्ये एका सोशल मीडिया कंपनीने ६,८९,००३ लोकांच्या फीडमधला आनंदी-दुःखी मजकूर कमीजास्त करून बघितल्याचं छापून आलं, संमती म्हणे अकाउंट उघडताना मान्य केलेल्या अटींत होती, आणि १९६४ चाच वाद पुन्हा पेटला.

बायस्टँडर इफेक्टचं तर अजून चालूच आहे. १९६८ च्या प्रयोगात टेपवर फिट आल्याचा आवाज ऐकवला होता, एकटे होते त्यातले ८५ टक्के मदतीला उठले, आणखी चौघं ऐकतायत असं वाटणाऱ्यांतले ३१ टक्के. २०१९ मध्ये तीन देशांतल्या शहरांमधली रस्त्यावरची २१९ भांडणं सीसीटीव्हीवर बघितली, दहापैकी नऊ वेळा कुणीतरी मध्ये पडलंच, आणि माणसं जास्त तशी कुणीतरी पडण्याची शक्यताही जास्त. दोन्ही प्रश्न वेगळे आहेत, एकात एकेका माणसाची शक्यता मोजली तर दुसऱ्यात निदान कुणी आलं का हे, त्यामुळे एकाने दुसरं खोडलं असं नाही. पण अडकलेल्या माणसाला निदान कुणी आलं का हाच प्रश्न महत्त्वाचा, आणि पाठ्यपुस्तकांत अजून पहिलाच आकडा ठळक छापलेला असतो.